फावल्या वेळेचा भाव

आश्विन लागला की विदर्भातल्या बाजारांचा रंग बदलतो. झेंडूच्या राशी येतात, सिताफळांच्या टोपल्या येतात, झाडीपट्टीतल्या तलावांतले शिंगाडे हातगाड्यांवर चढतात. आणि अलीकडे याच दिवसांत आणखी एक गोष्ट हमखास दिसते, ती म्हणजे महिला बचत गटांच्या वस्तूंची प्रदर्शने. चंद्रपूर असो, गडचिरोली असो की नागपूर, मांडवात शिरले की लोणची-पापडांच्या पलीकडे एखाद्या टेबलावर कापडी चिमण्यांची तोरणे टांगलेली असतात. शेजारी कापडाचे पोपट, कापडाचे शिंगाडे, आणि हल्ली कापडाची कोहळीसुद्धा. (पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात ते आमचे कोहळे.) सगळे कापूस भरून टम्म फुगवलेले, रंगीत, हातात घ्यावेसे वाटणारे. उद्घाटनाला आलेले पाहुणे त्यातले एखादे तोरण उचलून बघतात आणि मग भाषणात एक वाक्य येतेच येते : "आमच्या भगिनी फावल्या वेळेत किती सुंदर वस्तू तयार करतात!" टाळ्या पडतात. पाहुणे पुढच्या टेबलाकडे वळतात.

माझे भांडण त्या वाक्यातल्या 'फावल्या वेळे'शी आहे. शब्द साधा दिसतो, कौतुकाचाही वाटतो. पण चंद्रपूर-गडचिरोलीतल्या हजारो बायांच्या श्रमाची किंमत या एका शब्दाने शून्यावर आणून ठेवली आहे. तीसहून अधिक वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात गेल्यामुळे मला आकड्यांची सवय आहे. आणि कादंबऱ्या लिहिल्यामुळे आकड्यांच्या रकान्यात जे लिहिलेले नसते तिकडे नजर जाण्याचीही. हा लेख त्या न लिहिलेल्या रकान्याविषयी आहे.

आधी ही चिमणी होते कशी ते पाहू. कारण वस्तू कशी होते हे ठाऊक नसले की तिच्या किमतीविषयी बोलणे सोपे जाते. शिंप्याकडच्या कातरणातून वीतभर चौकोनी तुकडा घ्यायचा. तो तिरपा दुमडून त्रिकोण करायचा. उलट बाजूने कडेने बारीक टीप घालायची, मात्र दोन बोटे जातील एवढे तोंड उघडे ठेवायचे. मग तुकडा सुलटा करायचा आणि बोथट काडीने कोपरे बाहेर काढायचे. टोकदार काडी घेतली तर कापड फाटते. कापूस पिंजून, मोकळा करून, आधी चोचीच्या कोपऱ्यात आणि मग पोटात भरायचा. घाईने गोळाच कोंबला तर चिमणी ढेकळासारखी दिसते. तोंड आतल्या टाक्याने बंद करायचे, लाल दोऱ्याने चोच, काळ्या मण्यांचे डोळे, शेपटीला दोन टाके. अशा अकरा चिमण्या झाल्या की मध्ये मणी आणि खाली घुंगरू घालून त्या दोऱ्यात ओवायच्या. कोहळ्याची रीत वेगळी. गोल कापडाच्या कडेने धावदोरा घालून तो ओढायचा म्हणजे पिशवी होते, ती भरायची, आणि जाड दोरा मधोमध आरपार नेऊन सहा-आठ वेळा बाहेरून आवळायचा म्हणजे फाका पडतात. देठाला वाळकी काडी. अमेरिकेत ऑक्टोबर महिन्यात घरोघरी दारात भोपळे मांडतात, त्यातले कापडी भोपळे नेमके असेच शिवतात. सुगीचे दिवस आले की दार सजवावे असे माणसाला सगळीकडे वाटते. शेजारच्या छत्तीसगडात नव्या धानाच्या लोंब्या गुंफून दाराशी टांगतात, खऱ्या चिमण्यांनी येऊन दाणे टिपावेत म्हणून. कोकणात दसऱ्याच्या सुमारास आंब्याच्या पानांबरोबर भाताची लोंबी दाराला बांधून 'नवे' करतात. कापडाची चिमणी ही त्याच घराण्यातली.

ती मुळात घरातली वस्तू. गोधडीला लावून उरलेल्या चिंध्या, फाटक्या लुगड्याचा काठ, झबल्याचा कपटा यातून आजी ती शिवायची आणि ती पाळण्यावर टांगली जायची. तान्ह्या मुलाची नजर तिच्यावर खिळायची. तिची किंमत कोणी काढली नाही आणि काढायचे कारणही नव्हते. नातवासाठी घातलेल्या टाक्याचा हिशेब मागणारा माणूस करंटाच म्हणायला हवा. या घरच्या चिमणीविषयी माझे काही म्हणणे नाही. प्रश्न सुरू होतो तो तिच्या पायाला किमतीची चिठ्ठी बांधली जाते तेव्हा. घरची चिमणी बाजाराची झाली, पण तिचा हिशेब मात्र घरचाच राहिला.

हे कसे झाले? १९७५ साली महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९७९ साली ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगाराचे प्रशिक्षण देणारी 'ट्रायसेम' योजना आली, १९८० साली एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशातल्या सगळ्या विकासगटांत लागू झाला, १९८२ साली खास ग्रामीण महिलांसाठी 'ड्वाक्रा' आली. त्याच वर्षी, २६ ऑगस्टला, चंद्रपुरातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. पुढे १९९२ साली नाबार्डने पाचशे बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग केला आणि २०११ पासून 'उमेद' अभियान आले. योजनांची नावे बदलत गेली, पण बायांसाठीच्या कामांच्या यादीत शिवणकाम कायम राहिले. त्यातून कित्येक घरी पायाची मशीन आली, कित्येक बायांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे पासबुक पाहिले. ही गोष्ट लहान नाही, आणि ती मी आतून पाहिलेली आहे.

पण त्या अर्जांसोबत जो प्रकल्प अहवाल जोडलेला असे, त्याचा साचा आठवून पाहा. मशीनची किंमत इतकी. कापड, दोरा, कापूस यांचा खर्च इतका. विक्रीची रक्कम इतकी. विक्रीतून खर्च वजा केला की खाली ठळक अक्षरात : निव्वळ नफा. शिवणारीच्या तासांसाठी रकानाच नाही. दुकानदाराच्या हिशेबात नोकराचा पगार खर्चात धरतात, गिरणीवाल्याच्या हिशेबात मजुराची मजुरी धरतात, मात्र गावातल्या बाईच्या हिशेबात तिची मजुरी शून्य धरून उरलेल्या रकमेला नफा म्हणतात. ती खरे तर तिची मजुरीच आहे, आणि तीही अपुरी.

एक उदाहरण करून पाहू. समजा, सरावाच्या हाताला एक चिमणी पूर्ण करायला वीस मिनिटे लागली. अकरा चिमण्यांची २२० मिनिटे. ओवायला आणि गाठी मारायला आणखी चाळीस. म्हणजे २६० मिनिटे; आठ तासांच्या दिवसातला निम्म्याहून अधिक वेळ. मणी, घुंगरू, दोरा, कापूस मिळून ४० रुपये लागले आणि तोरण १२० रुपयांना विकले, तर हातात ८० रुपये आले. आता २०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये मजुरी ठरली होती. त्या दराने २६० मिनिटांचे १६९ रुपये होतात. म्हणजे जिला आपण 'स्वयंउद्योजिका' म्हणून हार घालतो, तिला माती खोदण्याच्या मजुरीच्या निम्मेही पडले नाहीत. आणि यात प्रदर्शनापर्यंतचे एस.टी.चे भाडे, दिवसभर टेबलामागे उभे राहणे, आणि "शंभरला दे ना मावशी" म्हणणारे गिऱ्हाईक धरलेलेच नाही.

यावर उत्तर ठरलेले आहे : "पण नाहीतरी तो वेळ वायाच जातो ना!" तर मग या जंगलमुलखातल्या बाईचे वर्ष जरा डोळ्यांसमोर आणू या. होळीच्या आगेमागे मोहफुले पडू लागतात आणि पहाटेच्या अंधारात ती वेचायला जावे लागते. वैशाखात तेंदूपत्ता. ज्येष्ठात धानाचे पऱ्हे टाकायचे. आषाढ-श्रावणात रोवणी, दिवसभर वाकून, चिखलात पाय. मग निंदण. दिवाळीच्या सुमारास हलके धान कापणीला येते, त्यानंतर भारी धान, मग बांधणी, मग चुरणे. हे सगळे होत असताना सरपण, पाणी, चूल, लेकरे, म्हातारी माणसे हे वर्षाचे बाराही महिने. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीच्या धानपट्ट्यात काय किंवा वैनगंगा ओलांडून आरमोरी, कुरखेडा, धानोऱ्यात काय, या वेळापत्रकात फारसा फरक पडत नाही. वरोरा-राजुऱ्याच्या कापूसपट्ट्यात पीक बदलते, पण तिथेही दिवाळीच्या दिवसांत बायांचे हात वेचणीत गुंतलेले असतात.

आता गंमत पाहा. शरद ऋतूतल्या सजावटीच्या वस्तूंना मागणी कधी? नवरात्रापासून दिवाळीपर्यंत. आणि मागणी नोंदवणाऱ्यांना जाग कधी येते? बहुधा घटस्थापना उंबरठ्यावर आल्यावर. नेमके तेव्हा हलके धान पिवळे पडू लागलेले असते. धान थांबत नाही. झडले की गेले. मग चिमण्या कधी शिवायच्या? रात्री, जेवणे आटोपल्यावर, एका दिव्याखाली. दिवसभर विळा धरलेल्या बोटांनी सुईत दोरा ओवायचा. त्या वेळेला आपण फावला वेळ म्हणतो. खरे नाव झोप. त्या तोरणातली प्रत्येक चिमणी कोणाच्या तरी झोपेतून कातरून काढलेली आहे.

आणि याच बाया दुसऱ्या एका कामात आपल्या श्रमाचा चोख हिशेब ठेवतात. तेंदूपत्त्याचे काम तुकड्यावरचेच आहे. आपल्या राज्यात सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. शेकडा पुड्यांना किती पैसे मिळणार हे हंगामाआधी ठरते आणि गावभर सर्वांना माहीत असते. फळीवर मुंशी पुडे मोजतो तेव्हा बाईही मनात मोजत असते. पेसा आणि वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदूची विक्री स्वतः करू लागल्या. मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू आपल्या वाहतूक परवान्यावर विकायला सुरुवात केली. जंगलातल्या वस्तूचा भाव आपण ठरवू शकतो हे या जिल्ह्याने देशाला दाखवले. मग त्याच जिल्ह्यातल्या बाईच्या बोटांतून उतरलेल्या वस्तूचा भाव मांडवात आलेल्या गिऱ्हाइकाच्या मर्जीवर का? सिंदेवाहीकडच्या एका बाईने हे मला एका वाक्यात सांगितले होते : "सायेब, पुड्याचा भाव फळीवर जायच्या आधी मालूम रायते जी. या पाखराचा भाव तं विकल्यावरच समजते." अर्थशास्त्राच्या पुस्तकात याहून नेमके वाक्य मी वाचलेले नाही.

कोणी म्हणेल, हे बोलायला ठीक, पण किंमत वाढवली तर घेणार कोण? हा आक्षेप नवा नाही, आणि त्याला आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात उत्तर दिले गेले आहे. १९३५ साली गांधीजी वर्ध्यात मगनवाडीत राहत होते. खादी महाग आहे, स्वस्त करा, अशी चहूकडून ओरड होती. कातणाऱ्या बायांना दिवसभराच्या कामाचे एक-दोन आणेदेखील मिळत नसत. गांधीजींनी उलट बाजूने विचार केला. आठ तास कातणाऱ्या बाईला आठ आणे मिळाले पाहिजेत, असा आग्रह त्यांनी चरखा संघापुढे धरला. संघाने आठ आणे मान्य केले नाहीत, पण किमान मजुरीचे तत्त्व मान्य करून दर वाढवले. विनोबांनी तर कताईच्या मजुरीवर पोट भरते का हे स्वतः सूत कातून आजमावले. खादी महागली, काही गिऱ्हाईक तुटले, कुरकुर झाली. पण कातणारीच्या भुकेवर स्वस्त झालेले कापड अंगावर घालायचे नाही, एवढी गोष्ट लोकांसमोर स्पष्ट मांडली गेली. आज नव्वद वर्षांनी त्याच वर्ध्यापासून काही तासांच्या अंतरावर आपण कापडी चिमणीच्या बाबतीत तिथेच उभे आहोत.

माझे म्हणणे असे की बाजाराला रास्त किंमत खरोखरच पेलत नसेल, तर ती वस्तू बाजारासाठी करू नये. ती आपल्या दारासाठी करावी, नातवासाठी करावी, भुलाबाईच्या खेळाला जमलेल्या पोरींना शिकवावी. पण तिला रोजगार म्हणू नये आणि वार्षिक अहवालात तिच्यापुढे लाभार्थींचा आकडा लिहू नये. दयेपोटी घेणाऱ्या गिऱ्हाइकावरही फार भिस्त ठेवू नये. ज्या जिल्ह्यात बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले आणि बोटे झडलेल्या माणसांच्या हातून विकत घेण्याजोगे काम करून दाखवले, त्या जिल्ह्याला तरी दान आणि दाम यांतला फरक समजावून सांगायची गरज पडू नये.

आणि किंमत पेलायची असेल तर काय करावे, हेही सांगायला हवे. नुसते दोष दाखवून निवृत्त माणसाने मोकळे होऊ नये. पहिली गोष्ट, भाव आधी. ज्या संस्था, महामंडळे, दुकाने गटांकडून अशा वस्तू करून घेतात त्यांनी तेंदूप्रमाणे दर नग मजुरी शिवण्याआधी जाहीर करावी. कच्चा माल वेगळा, मजुरी वेगळी. गटाच्या वहीत 'तास' असा एक रकाना आखावा. एक रेघ ओढायला खर्च येत नाही, पण एकदा तास लिहिले गेले की ते पुसणे कठीण होते.

दुसरी गोष्ट, वेळ. रोवणी आटोपली आणि धान पोटरीत आले की भाद्रपदात थोडी उसंत असते. दिवाळीची मागणी श्रावण संपता संपता आणि निम्मा आगाऊ पैसा हातात ठेवून नोंदवली, तर माल आश्विनाआधी तयार होईल आणि कापणीच्या रात्री झोपायला मिळतील. पौष-माघात, चुरणे झाल्यावर, दुसरी उसंत. प्रशिक्षणाचे वर्ग तेव्हा भरवावेत. मार्च संपता संपता निधी खर्च करायचा म्हणून मोहफुलांच्या दिवसांत बायांना शिवण शिकवायला बसवणे हा सरकारी पंचांगाचा विनोद आहे.

तिसरी गोष्ट, गिऱ्हाईक. प्रत्येक वेळी नागपूर-मुंबईच्या मांडवाकडेच का बघायचे? दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, लेकी माहेरी आलेल्या असतात, रात्री नाटक असते, पोरांच्या हातात काही ना काही खेळणे पडतेच. आज ते प्लास्टिकचे असते आणि दोन दिवसांत मोडते. मंडईत एक-एक सुटी चिमणी विकता येते, भाडे लागत नाही आणि घेणारीला ती किती वेळात होते हे ठाऊक असते. माहीतगार गिऱ्हाईक घासाघीस कमी करते.

चौथी गोष्ट, मालाची. या वस्तूंत हल्ली शहरातून आणलेला पांढराशुभ्र कृत्रिम धागा भरतात. आपल्या जंगलात काटेसावर आहे. तिची बोंडे चैत्र-वैशाखात उकलतात आणि रेशमासारखा कापूस वाऱ्यावर उडतो. तो गुळगुळीत आणि आखूड असल्यामुळे त्याचे सूत निघत नाही, पण भरण्यासाठी त्याच्यासारखा दुसरा नाही : हलका, फुगीर, पाणी न धरणारा. जुन्या घरांतून सावरीच्या उशा अजून आहेत. तो गोळा करायला कष्ट पडतात, भरताना नाकातोंडाला फडके बांधून, पंखा बंद करून बसावे लागते, हेही खरे. पण या जंगलातली चिमणी या जंगलातल्याच कापसाने भरलेली असेल, तर तिच्याविषयी सांगण्यासारखे काही राहते आणि किंमत मागताना मान वर राहते. हे कष्टही त्या 'तास'च्या रकान्यात लिहायचे, विसरायचे नाहीत.

राहता राहिलो आपण, म्हणजे घेणारे. आपण काही वाईट माणसे नाही. आपल्याला ती तोरणे खरोखर आवडतात. पण विजेचे काम करायला आलेल्या माणसाला आपण "फावल्या वेळेत दुरुस्त केलेस ना?" असे विचारत नाही. डॉक्टरला "घरीच तर होतात" म्हणून फी कमी देत नाही. ही सूट आपण फक्त बाईच्या सुईकडे मागतो, कारण आपल्या घरातल्या सुईलाही आपण कधी दाम दिलेला नाही. सवय तिथली आहे, मांडवात ती फक्त उघडी पडते.

म्हणून या दिवाळीत कापडी चिमण्यांचे तोरण घ्यायचा विचार असेल तर एवढेच करा : किंमत विचारण्याआधी, किती वेळ लागला ते विचारा. टेबलामागची बाई क्षणभर गोंधळेल, कारण हे तिला आजवर फारसे कोणी विचारलेले नाही. मग ती मनातल्या मनात मोजील, आणि सांगेल. त्यानंतर घासाघीस करायची की नाही, ते तुमचे तुम्ही ठरवा.